मदत हवी आहे: भूकंपानंतर वडिलांचं बीपी उतरत नाही

वडील ६८ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसवलेत. भूकंपाला पाच आठवडे झाले, घर शाबूत आहे. पण ट्रक गेला नि खिडकीची काच थरथरली की ते ताटावरून उठून थेट दाराशी जातात. एरवी १३०/८० असणारं बीपी आता सकाळी १५५-१६० च्या घरात. घराबाहेर होतो तेव्हा तीन दिवस गोळ्या चुकल्या, त्यानंतर एकही नाही. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली, फरक किरकोळ. मीठ कमी केलं, बातम्या बंद (हे सगळ्यात अवघड गेलं). झोप मात्र तीन तासांच्या वर नाही.

१९९४ च्या नॉर्थरिज भूकंपादिवशी लॉस एंजेलिस परिसरात हृदयविकाराने अचानक झालेले मृत्यू रोजच्या सरासरी ४.६ वरून २४ वर गेल्याचं वाचलं. तो पहिल्या दिवसाचा धक्का. माझा प्रश्न नंतरच्या आठवड्यांचा आहे. छातीत दुखलं तर लगेच इस्पितळ, ते ठरलेलंच आहे.

तुमच्याकडे कुणाचं असं बीपी किती दिवसांनी उतरलं? आणि बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके नि बीपी कमी करणारी गोळी) चालू असताना झोपेसाठी हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारलंत, की मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात?