मदत हवी आहे: घटस्फोटानंतर मुलाला घेऊन परदेशी जायचे आहे, वडिलांची संमती नाही

रानजाई: मैत्रिणीसाठी विचारते आहे. पुण्यात कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीने घटस्फोट झाला. ८ वर्षांच्या मुलाचा ताबा आईकडे, वडिलांकडे एक आड एक शनिवार-रविवार. आईला जर्मनीत २ वर्षांची नोकरी मिळते आहे. वडील नाही म्हणतात. ताबा आईकडे असताना परवानगी लागते का? अर्जात काय लिहावे?

वटवृक्ष: लागते. आधी कन्सेंट टर्म्स, म्हणजे घटस्फोटावेळी दोघांनी न्यायालयात सह्या करून दिलेल्या अटी, नीट वाचा. मुलाला देशाबाहेर नेण्याविषयी कलम बहुतेकदा असतेच. नसले, तरी मूल गेले की वडिलांच्या भेटी बंद पडतात, म्हणजे हुकूमनाम्याचा (घटस्फोटाच्या न्यायालयीन आदेशाचा) भंग होतो. शिवाय मुलाच्या व्हिसासाठी दुसऱ्या पालकाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश मागतात.

अर्ज त्याच न्यायालयात. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट असेल तर कलम २६ नुसार हुकूमनाम्यानंतरही ताबा-भेटीच्या अटी बदलता येतात. ताब्याचे आदेश कायमचे गोठलेले नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आईच्या प्रकरणात सांगितले आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका आईला मुलीसह पोलंडला जाऊ दिले.

पण नोकरीचे पत्र आणि पगाराचा आकडा जोडून अर्ज संपवू नका. बहुतेक अर्ज तिथेच लंगडे पडतात. न्यायाधीशांना जाणून घ्यायचे असते की वडील मुलाच्या आयुष्यात कसे उरणार. आज त्यांच्या वाट्याला वर्षाला साधारण ५२ दिवस येतात. तो हिशेब समोर ठेवूनच प्रस्ताव लिहा: जर्मन शाळेच्या ६ आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीतले ४ आठवडे आणि नाताळच्या सुट्टीतले १० दिवस भारतात वडिलांकडे, म्हणजे ३८ दिवस सलग मुक्कामी. उरलेल्याची भरपाई म्हणून वडील तिकडे येतील तेव्हा मूल त्यांच्याकडे राहील. तिकिटे कोण काढणार, विमानात सोबत कोण, हेही लिहा. 'सुट्टीत भेट देऊ' एवढेच लिहिले तर पुढचा वाद ठरलेला.

व्हिडिओ कॉलची वेळ जर्मन घड्याळाने बांधा. तिथे संध्याकाळी ५.३० ठेवली तर भारतात उन्हाळ्यात रात्रीचे ९, हिवाळ्यात १० वाजतात. पालक वेगवेगळ्या देशांत असतील तर मुलाशी रोज ५-१० मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. त्याचा आधार घ्या.

मध्यममार्ग: वडिलांची बाजूही समजून घ्या. 'मूल परत आलेच नाही तर?' ही त्यांची भीती खोटी नाही. मुले परत मिळवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे त्या वाटेने मूल परत मागता येत नाही. म्हणून आईनेच आपण होऊन परतीचे हमीपत्र, तिथला पत्ता व शाळा आणि जर्मन न्यायालयाकडून इथल्या न्यायालयाच्या आदेशासारखाच आदेश, म्हणजे मिरर ऑर्डर, घेण्याची तयारी दाखवावी. वडिलांनी मागितल्यावर देण्यापेक्षा हे फार वजनदार ठरते.

आणि शाळा सोडल्याचा दाखला परवानगीआधी काढू नका. न्यायालयाला गृहीत धरल्यासारखे दिसते. मुलाला उत्तरेही पढवू नका; न्यायाधीश चेंबरमध्ये त्याच्याशी एकट्याने बोलू शकतात आणि पढवलेले लगेच कळते.

रानजाई: खूप आभार. निकाल लांबला तर आईने पुढे जाऊन मुलाला आजीकडे ठेवले तर चालेल?

वटवृक्ष: शक्यतो नको. आई दूर, मूल आजीकडे आणि वडील त्याच शहरात, म्हटल्यावर ताबा मागायला वडिलांची बाजू भक्कम होते. त्यापेक्षा कंपनीकडून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून घ्या आणि ते पत्र जोडून अर्ज लवकर चालवण्याची विनंती करा. परवानगी मिळाली तरी हिंदू विवाह कायद्याखालच्या आदेशावर मुंबई उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस असतात. रद्द न होणारी तिकिटे तोवर काढू नयेत.