मुलाखत घेतात, मग गजाली कशा होतात?

प्रश्न, रत्नागिरीहून
एका दिवाळी अंकासाठी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर, लेख लिहितेय. फीचर म्हणा, वृत्तलेख म्हणा, माझा पहिलाच. मालवणच्या किनाऱ्यावर एका रापणकर आजोबांना म्हटलं, "तुमची मुलाखत घ्यायची आहे." ते "थांब" म्हणून घरात गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. खुर्चीत ताठ बसले. "आमचा हा पारंपरिक व्यवसाय पुरातन काळापासून..." तासाभराचं रेकॉर्डिंग आहे, पण कामाचं एक वाक्य नाही. दोष 'मुलाखत' या शब्दाचा असेल का? दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

देवगडवाला
शब्द मूळ अरबी. अर्थ साधा, भेट. हिंदी-उर्दूत अजून तोच आहे. हिंदीवाले आपल्या मुलाखतीला साक्षात्कार म्हणतात. तुम्ही संपादकांना "मला आजोबांचा साक्षात्कार झाला" असं कळवून बघा! मराठीत भेटीचा जुना अर्थ टिकलाय तो तुरुंगात. नातेवाईक कैद्याला भेटायला जातात, त्याला तिथे मुलाखतच म्हणतात. एरवी घराघरांत मुलाखत म्हणजे नोकरीची. आजोबांनी शर्ट बदलला, यात त्यांचं काय चुकलं?

जुना उपसंपादक
ताई, नाम सोडा, क्रियापद बघा. मुलाखत घेतात आणि देतात, पोलिसांत जबाब घेतात-देतात तशी. गजाली, म्हणजे मालवणीतल्या गप्पा, मात्र होतात, रंगतात. त्यात देणारा-घेणारा नसतो. तेव्हा गजालीला जा. पण लेखासाठी आलोय हे पहिल्या मिनिटाला सांगून टाका. गजाल म्हणून काढून घेतलेलं छापलंत, तर त्या वाडीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही.

आणि "व्यवसाय कसा चालतो?" असलं विचारू नका. त्याला भाषणच उत्तर मिळतं. "काल वाटा केवढा आला?" विचारा. रापण ओढून झाली की मासळीचे वाटे पडतात. कुणाला किती आणि का, यावर माणूस आपणहून अर्धा तास बोलतो, भांडणांसकट. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी, पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा फेब्रुवारी 2016 चा सरकारी आदेश, हे कागद घरून वाचून जा. ते आजोबांकडून वदवून घेण्यात त्यांची सकाळ घालवू नका.

वेंगुर्ल्याहून
माझा अनुभव सांगते. मी लिहिलं होतं, "मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं." अंकात छापून आलं, "मानकऱ्यांनी देवाकडे तक्रार केली." घाटावर गाऱ्हाणं म्हणजे कुरकुर, ते मांडतात. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात: सगळ्या गावाच्या वतीनं देवाकडे मागणं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांचं "व्हय म्हाराजा". एका क्रियापदावरून कळायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस मला बाजारात विचारत, "काय गो, देवाकडे तक्रार कोणी केल्यान?"

(दिवाळी अंक म्हणालात म्हणून. 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' झाले. आमच्या बाजूचं नाव आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पुन्हा रत्नागिरीहून
काल परत गेले. आजोबा बनियनवर जाळं विणत होते. फोन पिशवीत ठेवला, आधी सांगितलं की लेखासाठीच आलेय, आणि वाट्याचं विचारलं. उपसंपादककाका, अर्धा नाही, दोन तास! मधेच समुद्राकडे बघून म्हणाले, "आज भांग आसा, पाण्याक ओढ नाय." घरी पोचेपर्यंत ते वाक्य पाठ करत आले. पण छापायचं कसं? पुण्याचा वाचक भांग म्हटल्यावर होळीला पोचेल, नाहीतर केसांत.

जुना उपसंपादक
पोचू दे. 'भांगाची भरती' त्यानेही शाळेत भूगोलात पाठ केलेली असते, विसरलाय एवढंच. कंसात अर्थ देऊ नका. आधीच्या वाक्यात तिथी आणा, "अष्टमी होती," बस्स. आणि 'पाण्याक'चं 'पाण्याला' कुणी केलं, तर प्रूफ परत पाठवा.

देवगडवाला
बनियनचा उल्लेख ठेवणार का लेखात?

रत्नागिरीहून
त्यांना विचारलं. म्हणाले, "फोटोत नको. लिवलंस तर चलात."