ब्रेककोर-हार्डकोरची स्प्लिट तबकडी: घ्यावी का? घेताना काय बघावं?

रूपकवेडी: नमस्कार मंडळी. मी बर्लिनमध्ये राहते. इथल्या एका सेकंडहँड दुकानात १२ इंची स्प्लिट दिसली, एका बाजूला ब्रेककोर, दुसरीला हार्डकोर (दोन्ही वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार). दोन्ही कलाकार मला अनोळखी. ब्रेककोर जीव टाकून ऐकते, हार्डकोरच्या वाटेला मात्र कधी गेले नाही. घरी सुटकेसवाला छोटा प्लेअर आहे. अर्धीच आवडेल अशा तबकडीवर पैसे घालावेत का?

खाचखळगे: डोळे झाकून घ्या. स्प्लिट हा या संगीतातला अगदी घरचा प्रकार आहे. छोट्या लेबलला, म्हणजे संगीत कंपनीला, तबकडी छापायचा खर्च जड जातो, तो दोघांत वाटला जातो आणि एकाचे श्रोते दुसऱ्याला मिळतात. तुमच्या बाबतीत नेमकं तेच होतंय.

दोन्ही बाजू लागोपाठ ऐका. हार्डकोरमध्ये रोलंड ९०९ या ड्रम मशीनचा किक (बेस ड्रमचा ठोका) आवाज फाटेपर्यंत चढवतात आणि सरळ ठोकत नेतात. ब्रेककोरमध्ये जुन्या ड्रमच्या तुकड्याची खांडोळी करून उलटीसुलटी मांडतात. त्यातला सगळ्यांचा लाडका तुकडा द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मधला: ग्रेगरी कोलमनने वाजवलेले जेमतेम सहा-सात सेकंद!

सुईदोरा: घेण्याबद्दल +१, पण त्या सुटकेसवर वाजवू नका, कळकळीने सांगतोय. असल्या बहुतेक प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं, सुईचा भार फार आणि तो कमी-जास्त करायची सोय नाही. हे संगीत तबकडीवर मोठ्या आवाजात कोरलेलं असतं. जोरकस बेसला खाच रुंद वळणं घेते, तिथे हलक्या टर्नटेबलवर सुई उडते. वजन लावता येईल असा टोनआर्म (सुईचा दांडा) असलेलं जुनं टर्नटेबल बघा, भार कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच ठेवा.

दुकानात प्रत्येक बाजूचा शेवटचा ट्रॅक वाजवून मागा. सुई आत आत जाते तशी दर फेऱ्याला तिच्याखालून सरकणारी लांबी कमी होते, त्यामुळे झांजांचा चुरचुराट आधी तिथेच बिघडतो. सुरुवात स्वच्छ वाजली म्हणून लगेच पैसे काढू नका.

खाचखळगे: आयडी बघून सुचलं. कॅनडात विनिपेगचा व्हेनेशियन स्नेअर्स ऐकलाय का? त्याला सात मात्रांचं भारी वेड. त्याचा २००५ चा, हंगेरियन भाषेतलं नाव असलेला अल्बम घ्या, व्हायोलिनच्या सुरावटींखाली ड्रमची कापाकापी चाललेली असते. सात मात्रांच्या रूपक तालात मुरलेल्या कानाला तो हिशोब पटकन सापडतो, फक्त ३-२-२ अशीच फोड धरून बसू नका. हार्डकोरसाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं ब्लडी फिस्ट लेबल. त्यातल्या नासेनब्लुटेन या गटाने अमिगा कॉम्प्युटरवर संगीत केलं. तो खरखरीत ८-बिट आवाज मला आजही महागड्या स्टुडिओपेक्षा जास्त भिडतो.

रूपकवेडी: व्हेनेशियन स्नेअर्समुळेच तर हा आयडी घेतला! तबकडी घेतेच, टर्नटेबल मिळेपर्यंत कपाटात ठेवीन. एकच शंका, तबकडीच्या मधल्या कागदावर वेग छापलेला नाही. मिनिटाला ३३ फेरे की ४५?

सुईदोरा: मधल्या कागदाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर काही कोरलंय का ते उजेडात तिरकी धरून बघा, कधीकधी वेग तिथे असतो. नसेल तर डिस्कॉग्ज या तबकड्यांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर कॅटलॉग नंबर टाका. या संगीतात नुसत्या कानावर विसंबू नका, चुकीच्या वेगातही ते खपून जातं. आणि स्प्लिट आहे, तेव्हा दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. एक ३३ ची, दुसरी ४५ ची असूही शकते.