इंग्रजी वाक्यात मधेच आलेल्या शब्दांना स्वल्पविराम एक की दोन?

एका इंग्रजी पत्रात मी लिहिलं होतं, 'द रिपोर्ट, हाउएव्हर इज लेट.' तपासणाऱ्याने 'हाउएव्हर'पुढे लाल शाईने आणखी एक स्वल्पविराम टाकून कागद परत पाठवला. मी वाचताना तिथे थांबतच नाही. शाळेत तर 'श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम' असं शिकवलं होतं. मग हा दुसरा कशाला?

—

श्वासाचा नियम आधी विसरा. ज्याचा श्वास मोठा त्याने काय एकही स्वल्पविराम द्यायचा नाही? इथला स्वल्पविराम कंसाचं काम करतो: मधला मजकूर उचलून बाजूला ठेवला तरी वाक्य उभं राहतं, एवढंच तो सांगतो. कंस उघडला की मिटायलाच हवा. तुमचा उघडाच राहिला, म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्यात एकटा स्वल्पविराम लोंबकळतोय. इंग्रजीत ते चालत नाही. 'परहॅप्स'सारख्या छोट्या शब्दाला दोन्ही गाळले तरी कोणी ओरडत नाही, पण एक ठेवून एक गाळणं चूकच. 'हाउएव्हर'ला मात्र दोन्ही द्यायचा रिवाज आहे.

—

आपला गोंधळ होतो तो मराठीमुळे. 'अहवाल मात्र उशिरा आला' यात 'मात्र' आधीच्या शब्दाला असा चिकटतो की चिन्हाची गरजच पडत नाही. 'तर', 'म्हणे', 'बहुधा' यांचंही तेच. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीवरून विरामचिन्हं मराठीत रुजवली खरी, पण चिन्हं आली म्हणून वाक्याची घडण थोडीच बदलते!

—

जोडीमुळे अर्थही फिरतो. 'माय ब्रदर हू सिंग्ज इज हिअर' म्हटलं तर भाऊ अनेक, त्यांतला गाणारा आला. 'माय ब्रदर, हू सिंग्ज, इज हिअर' म्हटलं तर भाऊ एकच, आणि तो गातो ही जाता जाता दिलेली माहिती. मराठीत पहिल्यासाठी 'माझा जो भाऊ गातो तो आलाय' असं सरळ म्हणता येतं. दुसऱ्यासाठी 'माझा भाऊ, जो गातो, तो आलाय' हे मला तरी भाषांतरित वाटतं. आपण म्हणू, 'माझा भाऊ आलाय. गातो तो.'

—

यावरून कॅनडात मोठा वाद झाला होता. रॉजर्स आणि अ‍ॅलिअंट या कंपन्यांचा खांबांवरून तारा नेण्याचा करार होता. कलमाचा आशय असा: करार ५ वर्षं चालेल, आणि त्यानंतर ५-५ वर्षांनी वाढत जाईल, वर्षभर आधी नोटीस देऊन रद्द केला नाही तर. मूळ इंग्रजीत 'त्यानंतर वाढत जाईल' हा भाग दोन स्वल्पविरामांच्या मधे होता. तो उचलला की नोटिशीची अट थेट पहिल्या ५ वर्षांना जाऊन भिडते. २००६ साली तिथल्या दूरसंचार नियामकाने तसाच अर्थ लावला, म्हणजे पहिल्या मुदतीतही करार मोडता येतो. रॉजर्सला करार मोडायला नको होता, म्हणून तिने मग कराराचा फ्रेंच मसुदा पुढे केला. त्यात ही संदिग्धता नव्हती, आणि २००७ मध्ये निर्णय फिरला.

—

बाप रे. माझं पत्र त्या मानाने स्वस्तात सुटलं. एक शेवटचं: 'अँड इफ पॉसिबल' लिहिताना 'अँड'च्या आधी द्यायचा की नंतर?

—

उचलून बघा. 'प्लीज कम अँड, इफ पॉसिबल, स्टे.' उचलायचंय ते 'इफ पॉसिबल', 'अँड' नव्हे. तो काढलात तर 'कम' आणि 'स्टे' जोडणार कोण? म्हणून 'अँड' जोडीच्या बाहेर. बरेचजण सवयीने 'अँड'च्या आधी देतात आणि मग 'पॉसिबल'नंतर, म्हणजे उचलताना 'अँड'ही जातो.