मदत हवी आहे : ‘मांजऱ्या’ म्हणजे नेमका कुठला दगड?

मामांच्या विहिरीचं खोदकाम चालू आहे. काल काळा पाषाण संपला आणि भुरकट, ठिसूळ दगड लागला, त्यात वाटाण्याएवढे पांढरे खडे. विहीरवाले म्हणाले, “मांजऱ्या लागला!” मी एक खडा नखाने उकरला, तर अख्खा निघाला. मागे गुळगुळीत खळगा.

माझ्या समजुतीप्रमाणे लाव्हा थिजताना राहिलेली वायूची भोकं पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरली की असा बेसाल्ट (लाव्हाचा खडक) होतो. त्याचं ‘अमिग्डलॉइडल’ हे शास्त्रीय नाव बदामाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. पण भोकं रिकामीच असतील तरी मांजऱ्याच म्हणायचं का? तुमच्याकडे काय म्हणतात? आणि यात मांजर कुठून आलं, हेही कुणी सांगा बुवा!