शब्दचर्चा: ‘उपयुक्तता’ की ‘उपयोगिता’?

प्रश्न: नीतिशास्त्रावरील मराठी लेखनात ‘उपयुक्ततावाद’ (सर्वांचे मिळून सुख जिने जास्तीत जास्त वाढते ती कृती योग्य, असे मानणारे मत) आढळतो, तर अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘सीमान्त उपयोगिता’ (वस्तूच्या आणखी एका नगातून मिळणारे वाढीव समाधान). मूळ इंग्रजी शब्द ‘युटिलिटी’ हा एकच असताना या दोहोंत अर्थभेद मानावा काय?

उत्तर: मानावा, आणि काटेकोरपणे पाळावा. धूम्रपान करणाऱ्याच्या लेखी सिगारेटला उपयोगिता असते, कारण ती त्याची इच्छा भागवते. पण तिला उपयुक्त कोणी म्हणणार नाही. नीतिशास्त्रातली अडचण वेगळी आहे. ‘उपयुक्ततावाद’ म्हटले की कामापुरते पाहणारी, काहीशी मतलबी वृत्ती डोळ्यांसमोर येते. या मताचे प्रवर्तक, इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांना मात्र ज्यांच्यावर कृतीचा परिणाम होतो त्या सर्वांच्या सुखदुःखाचा हिशेब अभिप्रेत होता. हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. 1789 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला 1822 मध्ये जोडलेल्या टिपेत खुद्द बेंथम यांनीच मान्य केले, की ‘युटिलिटी’ या शब्दातून सुख आणि दुःख ‘हॅपिनेस’इतक्या स्पष्टपणे सूचित होत नाहीत, आणि किती जणांच्या हिताचा प्रश्न आहे तेही ध्यानात येत नाही.

प्रश्न: मग सरळ ‘सुखवाद’ का म्हणू नये?

उत्तर: सुख हेच अंतिम ध्येय मानणारा तो सुखवाद, आणि केवळ स्वतःच्या सुखामागे धावणाराही त्यात बसतो म्हणून. इंग्रज तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक यांनी 1874 मध्ये सुखवादाला ‘सार्वत्रिक’ या अर्थाचे विशेषण लावून हा भेद दाखवला. मराठीत ते शास्त्रशुद्ध ठरेल, पण बोजड.

या शब्दांची खरी कसोटी आर्थिक न्यायाच्या चर्चेत लागते. अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये मांडले, की राष्ट्रीय उत्पन्न घटत नसेल, तर श्रीमंताकडचा काही वाटा गरिबाकडे वळवल्याने एकूण समाधान वाढते, कारण गरिबाची अधिक निकडीची गरज त्यातून भागते. या युक्तिवादाला दोन माणसांच्या समाधानाची तुलना गृहीत धरावी लागते, आणि नेमकी तीच शास्त्रीय पद्धतीने पडताळता येत नाही, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 मध्ये घेतला. पुढे अर्थशास्त्रातली ‘युटिलिटी’ मुख्यतः पसंतीचा क्रम दाखवू लागली, आणि क्रमांची बेरीज करता येत नसल्याने फेरवाटपाचा तो आधार ढिला झाला. म्हणून पिगूंच्या अनुवादात मी ‘समाधान’ लिहीन, रॉबिन्सनंतरच्या अर्थशास्त्रात ‘उपयोगिता’. ‘उपयुक्ततावाद’ मात्र इतका रुळला आहे, की तो बदलण्यापेक्षा पहिल्याच उल्लेखापाशी खुलासा करणे बरे.