आमच्या सरपंचाला तीन फुटी टाकी पुरेना: फ्लॉवरहॉर्न घरात ठेवावा का?

तीनफुटी:
मागच्या रविवारी आतेभाऊ घरी आला, टाकीसमोर दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, "हा पाळलायस की डांबलायस?" तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून इथे लिहितोय.

तर आमच्याकडे फ्लॉवरहॉर्न नावाचा एक मासा आहे. तीन वर्षांपूर्वी कुर्ल्याहून आणला तेव्हा दोन बोटांएवढा होता, दुकानदार म्हणाला कशाबरोबरही राहतो. आठ महिन्यांत त्याने एक ऑस्कर मासा, दोन पॅरट मासे आणि काच साफ करायला आणलेला सकर मासा असे सगळे संपवले, हीटर दोनदा उपटला, आता खडी तोंडात धरून काचेवर सोडतो, रात्री टकटक होते आणि पाहुण्यांना वाटतं दार वाजलं. सध्या दहा इंच, डोक्यावर लिंबाएवढा कोक म्हणजे फुगवटा, अंगावर मोत्यांसारखे ठिपके. नाव सरपंच, कारण पंचायतीत दुसरा कोणी टिकत नाही. टाकी तीन फुटी, जेमतेम दीडशे लिटर, ती कमी पडते हे मलाही दिसतंय.

पण माझं म्हणणं असं की हा मासा निसर्गात नव्हताच. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतले रेड डेव्हिल, ट्रायमॅक असले सिक्लिड कुळातले दांडगे मासे एकमेकांत मिसळून तो बनवला. त्याला परत पाठवायला नदीच नाही, मग घरात ठेवला तर डांबला कसा? मी काचेजवळ गेलो की शेपूट हलवत येतो, बायकोला बघून मागे सरतो, सासऱ्यांवर धावून जातो. इतका जीव लावणारा मासा दुसरा नाही. बोला.

लवंगी:
धावून जातो म्हणजे जीव लावतो, हे आमच्या नात्यातल्या काही लोकांनाही सांगायला हवं.

अहो, सिक्लिड इलाखा राखणारा मासा. परका आला की अंगावर जायचं, तो पळाला की विषय संपला. तुमच्या सरपंचाचा शत्रू काचेपलीकडे उभा असतो आणि पळतच नाही, वर मोबाइलवर शूटिंग करतो. म्हणजे हा प्राणी दिवसभर दंड थोपटून उभा, कुस्ती कधीच सुटत नाही.

आणि कोकाचं कौतुक करताय तो काय आहे? याच्या मूळ जातींत नराच्या डोक्यावर फुगवटा येतो तो विणीच्या काळात, नंतर ओसरतो. माणसाने निवडून निवडून तो बारमाही केला. ज्या पिल्लांना कोक येत नाही, रंग चढत नाही, ती फार्मवर टाकून देतात. तुमचा सरपंच निवडून आलेला, बाकीच्यांचं डिपॉझिट गेलं. तुम्ही पैसे मोजलेत म्हणजे त्या सगळ्या कारभारालाच मोजलेत.

तीनफुटी:
मग पग कुत्रा? त्याला धड श्वास घेता येत नाही तरी गल्लोगल्ली आहेत. पॅरट माशाचं तोंड नीट मिटत नाही, तो तर लोक बाळासारखा सांभाळतात. सगळा राग माझ्या सरपंचावरच का?

लवंगी:
पगवरही आहे. धागा काढा, तिथेही येते.

उजनीकाठचा:
मी भिगवणकडचा. तुमी लोकं आनंद आन् दुःख बोलताय, मी दुसरं बोलतो. तुमच्या सरपंचानं तो सकर मारला ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. आमच्या उजनीच्या पाण्यात हेच सकर झालेत, कुणी टाकीतनं आणून सोडले कुणास ठाऊक, जाळ्यात अडकला की काट्यानं जाळं फाडतोय, आन् खायला कोण घेत नाय. चिलापीचं बी तसंच, १९५२ ला देशात आणली, आता आमच्या ताटातच आली म्हणून कोण तक्रार करत नाय, पण ती बी सिक्लिडच की, ह्यांची चुलतबहीण. आधी कटला-रोहू, मरळ किती निघायची ते म्हाताऱ्यांना विचारा.

मासा मोठा झाला, चावायला लागला, बाईसाहेब वैतागल्या, की शहरातली लोकं पिशवीत घालून तळ्यावर येत्यात. वर पुण्य लागलं म्हणून हात जोडत्यात. पाळा नायतर मारा, पण पाण्यात सोडू नका एवढंच.

तीनफुटी:
सोडण्याचा प्रश्नच नाही दादा. तसे यांचे बरेचसे नर वांझ असतात म्हणा.

सिक्लिडवेडा:
बरेच नर वांझ असतात, सगळे नाही, आणि माद्या तर नाहीच, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. सिंगापूर-मलेशियात २००० च्या आसपास याचं प्रचंड वेड होतं, ओसरल्यावर लोकांनी तलावात नेऊन सोडले आणि ते तिथे टिकले. ऑस्ट्रेलियात तर आणायलाच बंदी आहे.

पण लवंगीताईंशी मी सहमत नाही. बारा वर्षं सिक्लिड ठेवतोय. फ्लॉवरहॉर्न दुःखी असेल तर सांगतो, आणि अगदी स्पष्ट सांगतो. रंग काळवंडतो, कोपऱ्यात तोंड खाली करून बसतो, दाणा थुंकतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, पुढे डोक्यावर खड्डे पडायला लागतात. जो खातोय, रंगात आहे, आख्खी टाकी फिरतोय त्याला तुरुंगातला म्हणणं म्हणजे आपलं मन त्याच्या डोक्यात कोंबणं. त्या कोकात बहुतेक चरबी आणि पाणी, तत्त्वज्ञान नाही.

मात्र तीनफुटी राव, तुमची टाकी लाजिरवाणी आहे. दहा इंची माशाला वळायला जागा हवी. एकट्याला चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे साडेचारशे लिटर, मोठा फिल्टर, आठवड्याला निम्मं पाणी बदल, तापमान २८ च्या आसपास, हीटरला जाळी आणि वर झाकण. जिवंत गप्पी खायला घालत असाल तर बंद करा, त्यातूनच रोग येतात. मी दाणा देतो, रोज दहा मिनिटं आरसा दाखवतो म्हणजे जरा व्यायाम होतो.

लवंगी:
आरसा! बघा, हेच म्हणत होते मी. रोज दहा मिनिटं त्याच्यासमोर न हरणारा शत्रू उभा करायचा आणि त्याला व्यायाम म्हणायचं.

सिक्लिडवेडा:
कुत्र्याला न सापडणारा चेंडू फेकल्याचं नाटक तुम्ही कधी केलं नाही का?

लवंगी:
केलंय. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. परत नाही केलं.

वास्तुग्रस्त:
आमच्याकडे वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून आला, ईशान्येला ठेवा, अंगावर अक्षरांसारखे काळे डाग असतात ते भाग्याचे. दीड वर्षात घरात एवढंच झालं की टँकरच्या पाण्याचं सोसायटीत भांडण. मासा मेला तेव्हा आई म्हणाली घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं. फिल्टर महिनाभर बंद होता हे मी तिला सांगितलं नाही.

तीनफुटी:
एक कबूल करतो. "निसर्गात नाहीच म्हणून ठेवला तर बिघडलं काय" हे मी जरा सोयीने बोललो. तो निसर्गात नव्हता हे त्याला घरात ठेवायचं कारण होऊ शकतं, विकत घ्यायचं नाही. हा गेला की दुसरा आणणार नाही. पण हा आहे, तीन वर्षांचा आहे, नीट ठेवला तर आठ-दहा वर्षं जगतो म्हणतात. दुकानात परत दिला तर पुन्हा दोन फुटी टाकीत जाईल आणि कोणीतरी "कशाबरोबरही राहतो" ऐकून घेऊन जाईल. लवंगीताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

लवंगी:
प्रामाणिक उत्तर आवडणार नाही. लवंगाच्या तेलाने माशाला गुंगी देऊन शांतपणे संपवता येतं, माझ्या आजारी माशाला तसं केलंय (नाव तिथूनच पडलं). पण धडधाकट जिवाला फक्त जागा नाही म्हणून मारणं मलाही जमलं नसतं. तेव्हा जागा करा.

उजनीकाठचा:
आमच्यात जागा नाय म्हणून कोण मासा मारत नाय. भूक लागली म्हणून मारत्यात. खाल्ला तर कसा लागतो हो सरपंच?

सिक्लिडवेडा:
दादा 😂 औषधं टाकलेल्या पाण्यातला आहे, नको.

तीनफुटी:
तर अपडेट. वापरलेली चार बाय दोन बाय दोन मिळतेय, लोखंडी स्टँडसकट. नुसतं पाणीच साडेचारशे किलो, काच-स्टँड वेगळं, म्हणून भिंतीलगत बीमवर ठेवायची. पण तशी जागा एकच, हॉलमधल्या दिवाणाची.

लवंगी:
माझं मत बदललेलं नाही, हे आधी नोंदवून घ्या. पण मासा हलवताना जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, तसाच नव्या फिल्टरमध्ये घाला. नाहीतर त्यातले घाण पचवणारे जिवाणू जातील, पाण्यात विषारी अमोनिया चढेल आणि पंधरा दिवसांत सरपंच जाईल. आधीचं निम्मं पाणीही सोबत न्या असं दुकानदार सांगेल, त्याने फार फरक पडत नाही, स्पंजाने पडतो.

तीनफुटी:
स्पंजाचं लक्षात ठेवतो. दिवाणावर सासरे झोपतात. त्यांना कोण सांगणार ते सुचवा.